चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण

सरावाचा प्रश्न
(गुण नाहीत. बझर वाजतो की नाही ते पाहण्यापुरता.)

बक्षिसाचा कप जागेवर होता. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. कुणाचा मुडदा पडला नव्हता. तरी त्या शनिवारी संध्याकाळी कॉफीहाऊसच्या माडीवर जे घडलं त्याला सगळ्यांनी एकमुखानं चोरी म्हटलं, कारण एक उत्तर चोरीला गेलं होतं. आणि कहर असा, की चोरीला गेलेलं उत्तर चुकीचं होतं.

झालं ते असं. प्रश्नमंजूषेची अंतिम फेरी. दोन संघ बरोबरीत. मास्तरांनी शेवटचं कार्ड उचललं. मास्तर शाळेतले नव्हेत. उभा जन्म विमा कंपनीत गेला त्यांचा. पण खेळ, गाणी आणि सिनेमे यांवरचे प्रश्न काढावेत तर त्यांनीच, म्हणून मास्तर.

“नावाड्याच्या त्या जुन्या सिनेमातलं शेवटचं गाणं,” मास्तर म्हणाले. “त्यात दारी उभं राहून—”

बझर वाजला. चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी उठून उभी राहिली. एका संघात एक माणूस कमी होता म्हणून यंदाच आली होती. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिनं उत्तर दिलं नाही. तिनं चक्क गाऊन दाखवलं.

“दारी उभी मावशी ती, वाट तुझी पाहते.” मग लाजून म्हणाली, “म्हणजे मावशी. मावशी उभी आहे दारात.”

माडी हसून कोसळायची बाकी राहिली. पण मास्तर हसले नाहीत.

“बरोबर,” मास्तर म्हणाले.

असा आवाज पंचबाईंनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आणि त्या तोंडाकडे पंचबाई बरीच वर्षं बघत आल्या होत्या.


आक्षेप

“मावळती!” हरलेल्या संघाचा कप्तान ओरडला. धंद्यानं दातांचा डॉक्टर, पण डोक्यात एवढी माहिती कोंबलेली की गावभर नाव पडलं होतं विश्वकोश. “दारी उभी मावळती! मावळतं ऊन दारात उभं राहून वाट पाहतंय. शेंबडं पोर सांगेल! मावशी काय, मावशी? उद्या म्हणाल काका!”

त्यानं फोनवर गाणंच लावलं. गायिका स्वच्छ म्हणत होती: मावळती.

आक्षेप आला की उत्तराचं बंद पाकीट पंचानं उघडायचं, असा नियम. पंचबाई पूर्वी मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. नियम त्यांच्या हाडात होता. त्यांनी पाकिटाचं सील सगळ्यांना दाखवलं, फोडलं, आत मास्तरांच्या अक्षरात एकच शब्द होता.

मावशी.

“एक चूक एक माणूस करतो,” विश्वकोश सावकाश म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता. “तीच चूक दोघांनी केली, तर एकानं दुसऱ्याचा पेपर पाहिलेला असतो. परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा.”

“मी काही पाहिलं नाही हो,” चष्मेवाली म्हणाली.

“चोर!” मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. मुलीनं पिशवी उचलली आणि ती जिना उतरून गेली. मास्तर तिच्यामागे धावले, पण गुडघे आड आले. पायऱ्यांवरच कठडा धरून उभे राहिले.

कॉफीहाऊसचे शेठ हात पुसत वर आले. “हे बघा, मला माझ्या माडीवर शिमगा नको,” ते म्हणाले. “उद्या संध्याकाळपर्यंत खुलासा करा. नाहीतर मास्तर, खुर्ची सोडा. आणि मंजूषा बंद. पंचबाई, तपास तुमचा.”

मास्तरांना जणू ऐकूच गेलं नाही. “ती मुलगी कुठे गेली?” एवढंच ते विचारत राहिले.

घरी जाताना पंचबाईंच्या मनात एकच हिशेब चालला होता. दर शनिवारची ही मंजूषा गेली तर आपल्या आठवड्यात उरलं काय? नुसते रविवार.


प्रश्न: पाकिटातलं उत्तर कुणी फोडलं?
(अ) झेरॉक्सवहिनी (ब) शेठ (क) विश्वकोश (ड) खुद्द मास्तर

(अ)

“मी?” झेरॉक्सवहिनी मशीनचं झाकण आपटत म्हणाल्या. प्रश्नांची कार्डं त्यांच्या दुकानात छापली जात. “अहो, मी प्रश्न छापते. उत्तरं तुमचे मास्तर स्वतःच्या हातानं लिहितात. मला दाखवतील? पाठमोरे बसून लिहितात, अंडं उबवल्यासारखे.”

“तुमचे मास्तर म्हणू नका, वहिनी.”

“बरं, आमचे,” वहिनी म्हणाल्या आणि गालात हसल्या. “गाल लाल झाले हो, पंचबाई.”

(ब)

“माडी रिकामी करून मला काय मिळणार?” शेठ म्हणाले. “बिलियर्डची टेबलं टाकायची म्हणतोय, हे खरं. पण त्यासाठी लबाडी कशाला? माडी माझी आहे. जा म्हटलं की जाल.”

हे पटण्यासारखं होतं. उद्धट होतं, पण पटण्यासारखं.

(क)

विश्वकोश रविवारीही दवाखाना उघडा ठेवी. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते, आणि तोंडात हत्यारं असल्यामुळे संभाषणात त्यांचा सहभाग डोळ्यांपुरता होता.

“चोरीच,” विश्वकोश म्हणाला. “त्या मुलीला येतंय काय? टेनिसमध्ये शून्याला काय म्हणतात, हा प्रश्न तिला आला. पास! अहो, लव्ह! खातं उघडलं नाही त्याला प्रेम म्हणतात, हे कुणाला ठाऊक नाही?”

“मला ठाऊक आहे,” पंचबाई म्हणाल्या.

“तिला नव्हतं. पाठोपाठ फुटबॉलचा चुकला. सिनेमाचा चुकला. आणि शेवटच्याला बरोबर बझर!”

“मग पाकीट फोडणाऱ्या चोरानं एकच उत्तर का नेलं? सगळीच का नाही?”

खुर्चीतल्या गृहस्थांनी डोळ्यांनी पंचबाईंना दुजोरा दिला.

विश्वकोशानं हातातला आरसा ट्रेमध्ये टाकला. “तो तुमचा तपास. पण मला राग कशाचा आलाय सांगू? गेल्या मोसमात हाच प्रश्न मला आला होता. मी मावळती म्हटलं. आणि मास्तरांनी गुण दिले! पूर्ण!”

जायला निघालेल्या पंचबाई दारातून परत फिरल्या.

हा प्रश्न दर मोसमात येई. माडीवर त्याची थट्टाही होई: आली का मास्तरांची मावळती! दर वेळी कुणीतरी मावळती म्हणे, मास्तर मान हलवून गुण देत, आक्षेप कुणाचाच नसे, आणि उत्तराचं पाकीट न फोडता फाडून टाकलं जाई.

म्हणजे मास्तरांना खरं उत्तर माहीत होतं. पहिल्यापासून. मग पाकिटात मुद्दाम खोटं का?


(ड)

मास्तर खोलीत खिडकीशी बसले होते. चहा निवून त्यावर साय धरली होती.

“सापडली का ती?”

“आधी मी विचारते. पंच मी आहे,” पंचबाई म्हणाल्या. “तुम्ही चुकला नाहीत. दर मोसमात तुम्ही पाकिटात जाणूनबुजून मावशी लिहिता. खरं उत्तर आलं की गुण देऊन मोकळे होता. हा प्रश्न नाहीच, मास्तर. हा गळ आहे. गेली कित्येक वर्षं तुम्ही पाण्यात गळ टाकून बसला आहात. कुणासाठी?”

मास्तर बाहेर बघत राहिले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं.

“होती एक,” शेवटी ते म्हणाले. “घरातली.”

बस्स, एवढंच.

घरातली. आपल्याकडे माणसं बायकोला बायको म्हणत नाहीत, घरातली म्हणतात. पंचबाईंना ठाऊक होतं ते. मास्तर एकटे राहतात म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाशी ठरवून टाकलं होतं, की यांचं लग्न झालेलंच नाही. विचारलं होतं का कधी? नव्हतं. विचारायचं धाडस लागतं, आणि ते त्यांच्याकडे मैदानापुरतं होतं.

“मला खुर्चीचं काही नाही,” मास्तर म्हणाले. “जाऊ दे. पण ती मुलगी निघून जायच्या आत मला भेटवा. ती मुलगी गाणं तसं म्हणते, म्हणजे तिनं ते कुठून तरी ऐकलंय. आणि ऐकायला जगात दोनच जागा आहेत. एक मी.”

पंचबाई उठल्या. शोधायला जायचं ते एका बाईला, जी सापडली तर आपला शनिवार वाचेल आणि मास्तर जातील. न सापडली तर उलट. उलट म्हणजे तेही नाही, दोन्ही जातील.

त्या जिना उतरल्या त्या चष्म्याच्या दुकानाकडे वळूनच.


पास
(या प्रश्नाचं उत्तर पंचबाईंना नको होतं.)

दुकानात शिरताच चष्मेवालीनं त्यांना ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला.

“मी चोरी केली नाही, मॅडम.”

“माहीत आहे. मी नंबर काढून घ्यायला आलेय,” पंचबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मुलीनं त्यांच्या नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली, एकेक भिंग घालू लागली.

“हे स्पष्ट, की मघाचं?”

“मघाचं. तुला चोर कसं म्हणता येईल? चोर कार्डावरचा शब्द उचलतो, शब्द सांगतो. तू गायलीस. कार्डावर चाल लिहिलेली नसते. कुठे शिकलीस?”

“गावी, घरी. आई म्हणते. हे?”

“धूसर. आणि आजवर कुणी सांगितलं नाही, गाण्यात मावशी नाही म्हणून?”

“कोण सांगणार?” मुलगी म्हणाली. “रेडिओवर ते गाणं लागलं की आई रेडिओ बंद करते आणि स्वतः म्हणते. मला काल पहिल्यांदा कळलं मावळती आहे ते. सगळ्यांदेखत!” तिचे डोळे भरले. “लहानपणी मी विचारायची, कोण गं ही मावशी? मला तर मावशीच नाही. मग आई उठून कामाला लागायची.”

“पुढची ओळ म्हण.”

“इथे?”

“माझ्या कानात म्हण. डोळ्यांपुढे तसंही काही दिसत नाहीये.”

मुलगी हलकेच गायली: “परतीची घोडी तुझी, लाटेला विचारते.”

पंचबाईंनी ओठ घट्ट मिटले. मूळ गाण्यात होडी होती. “नावाड्याच्या गाण्यात घोडी कुठून आली?”

“मीही आईला हेच विचारलं! तर म्हणते, पलीकडच्या काठाला बांधून ठेवली असेल.”

पंचबाईंनी चौकट नाकावरून काढली. आता जो प्रश्न होता, तो विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“तुझी आई… तिचं आधी कुठे लग्न झालं होतं का गं?”

“आधी?” मुलगी बघतच राहिली. “नाही हो. एकदाच, तेही पळून. आईला आणि मामाला तिच्या मावशीनं वाढवलं ना. मामा परगावी नोकरीला होता. आईनं आपल्या मनानं लग्न केलं आणि मावशीनं सांगितलं, हे दार तुला बंद. पुढे आईनं मामाला पत्रं लिहिली, सगळी परत आली. मावशी गेली होती. घर पाडलं होतं. मामाचा पत्ता कुणाला माहीत नव्हता. आई अजून त्याला दाद्याच म्हणते, जसा काही तो कोपऱ्यावर भाजी आणायला गेलाय.”

“मामा,” पंचबाई म्हणाल्या.

“हो. काय झालं? चक्कर येतेय का?”

“घरातली!” पंचबाई म्हणाल्या आणि हसू लागल्या. भर दुकानात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अगं, बहीणही घरातलीच असते की!”


खुलासा

संध्याकाळी माडीवर सगळे जमले. पंचबाईंनी चष्मेवालीला खाली कॉफीच्या टेबलाशी झेरॉक्सवहिनींच्या ताब्यात बसवून ठेवलं होतं आणि मास्तरांना अवाक्षर सांगितलं नव्हतं. पुरावा शाबीत व्हायचा तर तो कोरा हवा.

“सील शाबूत होतं,” त्यांनी सुरुवात केली. “ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. छापणाऱ्यांनी उत्तर पाहिलेलं नाही. मुलीनं बाकीचे प्रश्न चुकवले; उत्तरं हाती असलेला माणूस असं करत नाही.”

“मग दोघांची चूक एकच कशी?” विश्वकोश म्हणाला. “एकानं दुसऱ्याचा पेपर—”

“किंवा दोघांना एकाच शिक्षकानं शिकवलं,” पंचबाई म्हणाल्या. “शिक्षकच चुकला तर अख्खा वर्ग चुकतो, डॉक्टर. ही चूक पेपरातली नाही, एका घरातली आहे. सिद्ध करते. मास्तर, त्या गाण्याची पुढची ओळ म्हणा. सिनेमातली नको. तुमच्या घरातली.”

मास्तरांनी मान वर केली. मग त्यांच्या जुन्या, फाटक्या आवाजात ती ओळ आली.

“परतीची घोडी तुझी, लाटेला विचारते.”

“घोडी!” मागून कुणीतरी फिसकन हसलं. “नावाड्याला घोडी?”

“पलीकडच्या काठाला बांधून ठेवली असेल,” मास्तर म्हणाले. “मावशी म्हणायची तसं.”

पंचबाईंनी जिन्यातून हाक मारली. मुलगी वर आली. तिलाही तीच ओळ म्हणायला सांगितली, तोच प्रश्न विचारला. तिनं घोडी म्हटलं, आणि ती कुठे बांधली होती तेही सांगितलं. अक्षरन्‌अक्षर.

या वेळी कुणी हसलं नाही.

“हे कुठल्या पाकिटात होतं, डॉक्टर?” पंचबाईंनी विचारलं.

विश्वकोशाला उत्तर आलं नाही. ही त्या माडीवरची ऐतिहासिक घटना होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मास्तर उठून उभे राहिले होते आणि खुर्चीची पाठ घट्ट धरून त्या मुलीकडे बघत होते.

“मावशी खरंच उभी असायची,” ते म्हणाले. “आम्ही शाळेतून येईपर्यंत. आणि त्याच वेळी रेडिओवर हे गाणं लागायचं. आम्हाला वाटायचं, आमच्यावरच लिहिलंय. आणि दार बंद केल्यानंतर… तेव्हाही उभी राहायची रोज. मी सुटीला घरी गेलो की म्हणायची, वाऱ्यासाठी उभी आहे.” त्यांनी खुर्चीची पाठ सोडली. “बहिणीला किती शोधलं. तिचं नावही बदललं, आडनावही. मग म्हटलं, तिला लहानपणापासून असल्या प्रश्नांचं वेड. जिथे प्रश्न विचारतात तिथे कधीतरी येईल. ती नाही आली तर तिचं गाणं येईल.”

“आई येत नाही हो अशा ठिकाणी,” चष्मेवाली म्हणाली. “घरातच रेडिओशी भांडते, चूक उत्तर दिलं म्हणून.” मग ती हळूच म्हणाली, “मामा?”

शेठ पाठ फिरवून उगाच टेबल पुसू लागले. “खुलासा झाला,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले. “मंजूषा चालू राहील. मास्तर, बसा खुर्चीत.”

पण मास्तर बसले नाहीत.


बक्षीस समारंभ

“आता खुर्ची कशाला?” मास्तर म्हणाले. साधं म्हणाले, जसं पाहुणे जेवून गेल्यावर आपण म्हणतो, आता पंगत कशाला. “डॉक्टरांना द्या. त्यांना सगळं येतं.”

टाळ्या वाजल्या. पंचबाईंनीही वाजवल्या. त्यांच्याच तपासाचं हे फळ. मुद्दा मुद्द्याला जुळवून, कुठे फट म्हणून न ठेवता, त्यांनी आपलाच शनिवार निकालात काढला होता. या माणसाला त्या खुर्चीत एका बाईच्या वाटेनं बसवलं होतं, आणि पंचबाईंनी ती वाट संपवली. आता तो दर आठवड्याला इथे कशासाठी येईल?

लोक पांगले. पंचबाई ते फोडलेलं पाकीट आवरून ठेवत होत्या, तेव्हा मास्तर शेजारी येऊन उभे राहिले.

“उद्या निघतोय. भाचीबरोबर.”

“जा. सुखरूप जा.”

“तुम्हीही चला ना.”

“मी? भावाबहिणीत मी कशाला कडमडू?”

“मी तिथे जाऊन काहीतरी भलतंच बोलेन,” मास्तर म्हणाले. “किंवा बोलणारच नाही. तुम्ही समोर असलात की मी नियमात राहतो.”

पंच म्हणून बोलावतायत, पंचबाईंनी मनात म्हटलं. मग दुसरं मन म्हणालं, बोलावतायत ना, मग? रात्रभर दोन्ही मनांची जुगलबंदी चालली आणि सकाळी त्या बसमध्ये होत्या.

बसमध्ये मास्तर पुढच्या बाकावर एकटे बसले. दोघींच्या बडबडीत आपला धीर सुटेल म्हणाले. पंचबाईंना वाटभर त्यांचं फक्त पाठमोरं डोकं दिसत राहिलं. विरळ केस, कॉलरच्या आत अडकलेला एक धागा. हात पुढे केला असता तर पोचला असता. भाची शेजारी बसून आईच्या गमती सांगत होती, आणि धागा तसाच राहिला.

स्टँडवर बस थांबली. पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई गर्दीतून कोपरं मारत पुढे येत होती. ती मास्तरांच्या समोर येऊन उभी राहिली. मग तिनं हात उचलला आणि त्यांच्या दंडावर फाडकन मारला.

“टक्कल पडलं की रे तुला!”

“तू तरी कुठे उंच झालीस,” मास्तर म्हणाले, आणि दोघं एकमेकांना धरून भर स्टँडवर रडले. हमालांनी वळसा घालून वाट काढली.

पंचबाई चार पावलं मागे, पिशवी हातात घेऊन, दुसरीकडे बघत उभ्या होत्या. खेळ संपल्यावर पंचानं मैदानावर रेंगाळू नये. परतीची बस कुठल्या फलाटावर लागते ते त्यांनी पाहून ठेवलं.

पदरानं नाक पुसता पुसता बहिणीची नजर भावाच्या खांद्यावरून मागे गेली.

“दाद्या, ह्या कोण?”

मास्तर वळले. “ह्या?” ते म्हणाले. “ह्या म्हणजे…”

“आई, ह्या पंच—” भाची मध्येच बोलली.

“तुला विचारलं का?” बहीण म्हणाली. “त्याला विचारलंय मी.”

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न घातलेला तो माणूस तोंड उघडून उभा राहिला. त्यानं पंचबाईंकडे पाहिलं, नजर वळवली, पुन्हा पाहिलं. आणि मग, जणू हे कार्ड आपल्या हाती आलं कसं याचाच उलगडा होत नसल्यासारखा, पाहतच राहिला. कानाच्या पाळ्या हळूहळू तांबड्या झाल्या.

फलाटावर परतीची बस लागली. कंडक्टर ओरडू लागला. पंचबाई हलल्या नाहीत. त्यांना वाटलं, घेऊ देत वेळ. शोधतायत तोवर चुकलेले तरी नाहीत.